‘सस्पिशन’ : एका शब्दाचे कूळ

अविश्वासाचा वाचक असा ‘सस्पिशन’ हा इंग्रजी शब्द लॅटिन ‘सुस्पिकेरे’ या क्रियापदावरून आला आहे. ‘सुब्’ म्हणजे खालून, ‘स्पेकेरे’ म्हणजे पाहणे. गंमत अशी की, मान वर करून आदराने पाहणे हाही त्या क्रियापदाचा एक अर्थ होता. इंग्रजी नामात मात्र चोरटी नजर तेवढी उरली. ‘स्पेकेरे’च्याच मूळ धातूपासून संस्कृत ‘पश्यति’ व पालि ‘पस्सति’ ही रूपे झाली. म्हणजे आपल्या ‘विपस्सना’ आणि ‘एहिपस्सिको’ या शब्दांचा हा दूरचा आप्तच होय. वेदातील ‘स्पश्’, म्हणजे हेर, हाही त्याच कुळातला.

हेर म्हटले की आम्हांस गोंदिया जिल्ह्यातील दरेकसा आठवते. सालेकसा तालुक्यातील या गावाचे नाव माओवाद्यांच्या एका दलमला होते. गोंदिया-गडचिरोलीच्या अशा वनप्रदेशात एकच गावकरी माओवाद्यांना पोलिसांचा खबरी वाटे आणि पोलिसांना माओवाद्यांचा हस्तक. खबरी ठरविलेल्याचा जीवही जाई.

पालि परंपरेत शंकेला ‘विचिकिच्छा’ म्हणतात. पाच नीवरणांत तिची गणना आहे. तथापि अंगुत्तरनिकायातील कालामसुत्तात तथागतांनी संशयास्पद विषयात शंका घेणे योग्यच आहे असे सांगितले, आणि तेथे याच शब्दाचे क्रियारूप योजिले. हा शब्द मराठीतील ‘चिकित्सा’ याचा सगोत्र आहे. कालामांची शंका परस्परविरोधी मतांविषयी होती व ती त्यांनी समोरासमोर विचारली. वनप्रदेशातील संशय माणसावर घेतला जाई, आणि तोही त्याच्या पाठीमागे.