कीटण बोटांना कळतं

सिल्वासातल्या आपल्या घरांत दात साफ करायचे म्हणजे थेट डेंटिस्टकडे जायचं. पण कीटण काढणं, दात चकचकीत करणं, तोंडाची निगा शिकवणं यासाठी १९४८च्या डेंटिस्ट्स ॲक्टने डेंटल हायजिनिस्टला वेगळं स्थान दिलं. त्याचा कोर्स दोन वर्षांचा.

तेवढ्यावर मात्र भागत नाही. हिरडीखालचं कीटण दिसत नाही, त्याची खरखर बोटांना कळावी लागते. क्युरेट नावाच्या हत्याराचं पातं दाताशी ४५ ते ९० अंशांच्या मधे धरायचं. कोन कमी पडला तर कीटण नुसतं घोटलं जातं, वाढला तर हिरडी दुखावते. हाताला एकदा चुकीचं वळण लागलं की ते आपलं आपल्याला दिसतही नाही. व्हिडिओ पाहून पोहता येतं का? म्हणूनच नोकरीला लागल्यावरही प्रात्यक्षिक कार्यशाळा हव्यात. तिथे टायपोडॉन्टवर, म्हणजे नकली जबड्यावर, सराव करतात आणि शेजारी उभा राहून कोणीतरी मनगट सरळ करतो. क्युरेटला धार लावणंही तिथेच शिकायचं. बोथट पात्याला जोर जास्त लागतो आणि कीटण तसंच राहतं.

बारावी सायन्सला आहात आणि मेंदीचा कोन हातात छान बसतो? मग या कोर्सची चौकशी जरूर करा. आणि स्केलिंगला जाल तेव्हा डॉक्टरांची अनामिका बघा, ती शेजारच्या दातावर टेकलेली असते. तो टेकू सुटला की हत्यार निसटतं.