टाच मोकळी, बक्कल बाहेर

डिसेंबर जवळ आला की पुण्यात वाघोलीच्या डेकॅथलॉनमध्ये जाड बुटांच्या रांगेपाशी गर्दी वाढते. हिमालयात कुणाला केदारकंठा करायचा असतो, कुणाला ब्रह्मताल. ऑफिसातला ग्रुप, एकाच्या मोबाइलवर यादी, आणि ‘स्नोशू पण लागतील का रे?’ हा प्रश्न ठरलेला.

नाही लागत. केदारकंठा सुमारे १२,५०० फूट उंच खरा. पण हंगामात पायथ्याच्या सांकरीहून इतकी माणसं चढतात की वाट तुडवून घट्ट झालेली असते. तिथे भीती बुडण्याची नाही, घसरण्याची. त्याला बुटावर चढवायचे मायक्रोस्पाइक्स पुरतात, आणि बुटात बर्फ जाऊ नये म्हणून गेटर. दोन्ही सांकरीतच भाड्याने मिळतात.

स्नोशू म्हणजे बुटाखाली बांधायची रुंद चौकट. ते हवेत ताज्या, भुसभुशीत बर्फात. मी ते पहिल्यांदा घातले गुलमर्गला. त्याआधी नुसत्या बुटांनी वाटेच्या बाजूला एक पाऊल टाकून पाहिलं होतं आणि थेट मांडीपर्यंत आत गेलो होतो. चिखलणीच्या खाचरात उतरावं तसं: एक पाय काढायला दुसरा रोवावा, तर तोही आत. हिशेब सोपा आहे. बुटाचा तळ साधारण ३०० चौरस सेंटिमीटर, स्नोशूचा हजार-बाराशे. तेच वजन तिप्पट-चौपट जागेवर पसरतं. तरी पाय थोडा रुततोच. म्हणून स्नोशूचं माप सॅकसकट वजनावरून ठरतं.

खरी गोम बांधणीत. पंजा पट्ट्यांनी आवळायचा, टाच मोकळी ठेवायची. पाय उचलला की चौकट पंजाखालच्या बिजागरीवर झुलते, शेपूट घासत मागून येतं आणि वर साचलेला बर्फ झडतो. बक्कल बाहेरच्या अंगाला, नाहीतर चालताना दोन्ही पायांची बक्कलं एकमेकांत अडकतात. चाल जरा फेंगडी होते, होऊ द्यावी. मागे पाऊल मात्र टाकायचं नाही. शेपूट रुततं आणि माणूस पाठीवर. उभ्या चढावर टाचेखालची तार वर करायची, पोटऱ्या वाचतात. काठ्यांना रुंद चकत्या हव्यात. वाट पाडणारा सगळ्यात आधी दमतो, म्हणून पुढची पाळी बदलत राहायची.

कपड्यांत मात्र आपण पुणेकर हमखास फसतो. थंडीच्या धास्तीने चार थर चढवतो, चालायला लागलं की घामाघूम. सुती बनियन तो घाम धरून ठेवतं आणि थांबल्याबरोबर पाठ गारठते. निघताना थोडी हुडहुडी भरलेलीच बरी. वाघोलीत पैसे घालवायचेच तर अंगालगतचा सिंथेटिक किंवा मेरिनो थर, लोकरी मोजे आणि हातमोज्यांचे दोन जोड यांवर घालवावेत.

दमसासासाठी सिंहगड आहेच. सॅक घेऊन आतकरवाडीकडून चढावा. बर्फाची तालीम घरच्या हॉलमध्ये: गेटर विकत घेतले असतील, तर जाड हातमोजे घालून, न बघता त्यांची बक्कलं लावायची. एखाद्या बक्कलापायी हातमोजा काढावा लागला, तर ते गेटर दुकानात परत करून दुसरे घ्यावेत.