बुडाला टोक असलेला रांजण

वाशिमकडच्या जुन्या घरातला रांजण जागचा हलत नाही. निम्मा जमिनीत पुरलेला. पिढ्या बदलतात, रांजण तिथंच. आता प्रवासाला निघालेला रांजण डोळ्यांपुढं आणा. उंच अंग, अरुंद मान, दोन कान आणि बुडाला चक्क टोक!

हा रोमनांचा अँफोरा. दारू, ऑलिव्हचं तेल, खारवलेल्या मासळीचा रस, सारं यातूनच जायचं. जमिनीवर धड उभा न राहणारा कुंभ कशासाठी? गलबतासाठी. तळाशी लावलेल्या कुंभांच्या खांद्यांमधल्या फटींत वरच्या थराची टोकं रुतून बसत. ओतताना तेच टोक तिसऱ्या मुठीसारखं हाताला येई. दारूच्या कुंभाला आतून राळेचा लेप, तोंडाला बूच. आत साधारण 26 लिटर दारू!

आणि हा कुंभ आपल्या गोदावरीच्या खोऱ्यात पोचला होता. 1954 ते 56 या काळात डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलियांनी प्रवरेकाठी नेवासे खणलं. ज्ञानेश्वरी जिथं सांगितली गेली, तेच नेवासे. तिथं अँफोरांच्या खापऱ्या निघाल्या. मातीच्या दोन वळ्या जोडून केलेला कान ही त्यांतल्या एका जातीची खूण. 2001 साली सुनील गुप्ता, डेव्हिड विल्यम्स आणि डेव्हिड पीकॉक यांनी या नेवाशाच्या कुंभांवर स्वतंत्र लेख लिहिला.

मला खरी भूल पडते ती पुढच्या गोष्टीची. खापरीची कागदाहून पातळ चकती करून सूक्ष्मदर्शकाखाली धरली, की माती आपलं गाव सांगते. नेपल्सच्या उपसागराकाठी घडलेल्या कुंभात ज्वालामुखीची काळी वाळू चमकते. दोन हजार वर्षं झाली, तरी ओळख पुसलेली नाही!

आतला लेपही बोलतो. भारतात रोमन म्हणून नोंदलेल्या बऱ्याच खापऱ्यांत राळेऐवजी खनिज डांबर निघालं. ते कुंभ रोमचे नव्हतेच, इराक-इराणकडचे होते.

पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात भडोच बंदरात येणाऱ्या मालात दारू आहे, आणि तीत इटलीची पहिल्या पसंतीची. पैठण आणि तगर, म्हणजे आजचं तेर, इथला माल गाड्यांतून भडोचला जाई, असंही तो सांगतो. अशाच वाटांनी परतणाऱ्या एखाद्या गाडीत, गवतात गुंडाळलेला, हा मातीचा पाहुणा हेलकावे खात आला असेल.

वाशिम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. ते वैभव या दारूच्या व्यापाराच्या भरभराटीनंतरचं. पण आपल्या जिल्ह्यातल्या गावोगावच्या पांढरीत खापऱ्या आहेतच. नांगरताना जुन्या भांड्याचा कान वर आला, तर घरी नेऊ नका. जागा लक्षात ठेवा आणि पुरातत्त्व विभागाला कळवा. जागेवरून उचललेली खापरी निम्मी मुकी होते.