फार्महाऊसवर रंगणारी सशांची कुरघोडी

मुंबईच्या सदनिकेत एकमेकांना बिलगून झोपणारी सशांची जोडी शनिवारी कर्जत वा खालापूरच्या फार्महाऊसवर न्यावी, तर मोटारीत ती अधिकच जवळ येते. प्रवासाने प्रेम वाढले, असे मालकाला वाटते. वस्तुतः ती भीती असते. मुक्कामी पिंजऱ्याचे दार उघडल्यावर काही वेळातच एक ससा दुसऱ्याच्या पाठीवर चढू लागतो, त्याला पळवतो, त्याचे केस उपटतो आणि घरात घबराट उडते.

यात विपरीत काही नाही. पाळीव ससा हा युरोपातील रानसशाचा वंशज. तो रानससा बिळांमध्ये गटाने राहतो व गटात प्रत्येकाचा मान ठरलेला असतो. हनुवटीखालच्या ग्रंथींचा गंध वस्तूंना घासून तो आपली हद्द आखतो. नव्या घरात हा सातबारा कोरा असल्याने मानपान पुन्हा ठरू लागतो. कर्जतच्या रानातला ससा मात्र निराळा. तो बिळे खोदत नाही, बहुधा एकटा राहतो आणि त्याची पिल्ले उघड्या डोळ्यांनी जन्मतात. त्याच्यावरून पाळीव सशाची पारख करू नये. शिवाय त्याला 1972च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण असल्याने पकडून आणणे हा गुन्हाच ठरतो.

पाठीवर चढणे ही केवळ कामवासना नव्हे; माद्याही तसे करतात. वरचढ ससा दुसऱ्यापुढे डोके टेकवून चाटून घेण्याची अपेक्षा धरतो. दुसऱ्याने चाटले, की बहुतेक वेळा प्रकरण मिटते. नेमके याच वेळी मालक दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत कोंडतो. मग निवाडा अर्धवट राहतो आणि भेटीगणिक भांडण नव्याने जुंपते. हस्तक्षेप करावा तो कान मागे दाबून, शेपटी उभारून दोघे चावत गरगर फिरू लागले तर. किंवा एक जण दुसऱ्याच्या तोंडाकडून चढला तर, कारण खालचा नाजूक भागी चावा घेऊ शकतो. उघडा हात मध्ये घालू नये. जाड टॉवेल टाकावा. नंतर केस बाजूला सारून अंग तपासावे, कारण दाट केसांत जखम दडते.

मूळ उपाय नसबंदीचा. नर साधारण चार महिन्यांचा, मादी पाच-सहा महिन्यांची झाली, की सशांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडून ती करून घ्यावी. शस्त्रक्रियेनंतरही नरात सुमारे महिनाभर प्रजननक्षमता उरू शकते. नसबंदी न झालेल्या मादीला गर्भाशयाच्या कर्करोगाचा मोठा धोका असतो. खोट्या गर्भधारणेत तर गरीब मादीही एकाएकी अंगावर धावून येते.

फार्महाऊसवर जाताना घरचे अंथरूण न धुता न्यावे. सुरुवातीस लहान जागेतच सोडावे. खाण्याची भांडी दोन, गवताचे ढीग दोन आणि लपायच्या खोक्यालाही दारे दोन ठेवावीत, म्हणजे कोणी कोपऱ्यात सापडत नाही. एप्रिल-मेच्या दुपारी पाठलाग रंगू देऊ नये; सशाला घाम येत नाही आणि उष्माघात जिवावर बेततो.

एरवी वरचढ असलेला ससा अचानक मऊ पडला किंवा गरीब ससा चावरा झाला, तर दुखणे शोधावे. दहा-बारा तास काही न खाल्लेला ससा हा तातडीचा रुग्ण होय. दवाखान्यात मात्र दोघांनाही न्यावे, अन्यथा औषधांच्या वासाने परतलेला साथीदार दुसऱ्याला परका वाटतो.