टॅक्रोलिमसचा खरा आकडा

मूत्रपिंड-प्रत्यारोपणानंतर टॅक्रोलिमस या औषधाची रक्तातली पातळी मिलिलिटरमागे साधारण 5 ते 15 नॅनोग्रॅम ठेवतात. कमी पडली तर शरीर नवे मूत्रपिंड नाकारते. वाढली तर औषधच त्याला इजा करते. ही पातळी मोजणारी, प्रतिपिंडांवर आधारलेली चाचणी झटपट होते, पण शरीराने औषधाचे रूपांतर करून बनवलेली काही द्रव्येही औषध म्हणून मोजते. आकडा फुगतो. दुसऱ्या पद्धतीत द्रव क्रोमॅटोग्राफी ही द्रव्ये आधी वेगळी करते, मग मास स्पेक्ट्रोमीटर वस्तुमानावरून औषध ओळखतो. यंत्र महाग, हाताळायला कुशल तंत्रज्ञ हवा, हे मान्य. रक्तातले इतर घटक यंत्रातला औषधाचा संकेत दाबतात, हा आक्षेप मात्र अधिक गंभीर. त्यावर उपाय म्हणून नमुन्यात समस्थानिकाने जड केलेले तेच औषध ठरावीक प्रमाणात मिसळून तुलना करतात. अशा अरुंद मर्यादेत हा खर्च योग्यच. रुग्णांनी मात्र पद्धत मध्येच बदलू नये. दोन पद्धतींचे आकडे थेट ताडून पाहता येत नाहीत.