नळ बंद, तांब्या पुढे

मेस्किट स्प्रिंगच्या नळाखाली तिसरा कॅन भरत होता आणि मी मनात बेरीज करत होते. मोटारहोमची टाकी 75 लिटरची, शिवाय 20-20 लिटरचे तीन निळे कॅन. एकूण 135 लिटर, म्हणजे 135 किलो. दोन धडधाकट माणसं जास्तीची बसवल्यासारखं. कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅली नॅशनल पार्कमधून आम्ही रेसट्रॅक प्लाया या कोरड्या तळ्याकडे निघालो होतो. मी, नवरा आणि लातूरहून आलेली आई. दोन रात्री, तीन दिवस. युबेहेबे क्रेटरनंतर सुमारे 43 किलोमीटर कच्चा रस्ता, आणि पुढे पाणी कुठेच नाही.

माणशी रोज चार लिटर पाणी नुसतं प्यायला हवं. तिघांचं 36 लिटर झालं, ते आधीच बाजूला. एक कॅन राखीव. डांबर लागेपर्यंत त्याचं झाकण उघडायचं नाही. उरलेल्या 79 लिटरमध्ये स्वयंपाक, भांडी, अंग पुसणं, सगळं बसवायचं.

टपावर पाणी कधीच चढवू नये. गाडी मुळात उंच, वर वजन आलं की उतारावर कलंडायला बघते. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये, जमिनीलगत ठेवावं. टाकी अर्धवट असली की पाणी हिंदकळतं आणि प्रत्येक खड्ड्यात गाडीला आतून धक्का देतं, म्हणून निघताना ती काठोकाठ भरलेली बरी.

कॅन पट्ट्यांनी आवळले होते, तरी फसगत झालीच. हा रस्ता म्हणजे पन्हळी पत्रा, सगळी गाडी थरथरत राहते. टीकेटल जंक्शनला, जिथे येणारे-जाणारे पाटीला किटल्या टांगून जातात, आम्ही उतरलो तर मागच्या दाराखाली ओली रेघ. कॅनच्या बुडाशी एका बोल्टचं डोकं घासत होतं आणि प्लास्टिकला तांदळाच्या दाण्याएवढं भोक पडलं होतं. कॅन उलटा करेपर्यंत 12 लिटर पाणी गेलं. निघण्याआधी तिथे हात फिरवून बघायला हवं होतं. आता कॅनखाली जुनी चटई असतेच. सगळं पाणी एकाच टाकीत नव्हतं म्हणून निभावलं.

पहिल्या रात्री पिठलं-भात झाला. भांडी मी नळाखाली, अगदी बारीक धारेवर धुतली. टबात साठलेलं पाणी मोजलं तर 9 लिटर! आईला बघवेना.

"अगं, धार सोडून कुणी भांडी घासतं का? तांब्या दे इकडे."

दुसऱ्या दिवशी तिने पंपाचं बटणच बंद करायला लावलं. ताटं आधी कागदाने निपटून घेतली. ओल्या फडक्यावर साबणाचा एक थेंब. मग तांब्या तिरका करून पहिल्या ताटावर करंगळीएवढी धार. तेच पाणी दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात आणि शेवटी कढईत, तळाची खरवड भिजायला. पुन्हा एकदा स्वच्छ पाण्याचा हात. तीन ताटं, तीन वाट्या, कढई मिळून दोन तांबे, तीन लिटरच्या आत. 2016च्या दुष्काळी उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं तेव्हा आई तिथेच होती.

नळाच्या पाण्याचं वजन हाताला कळत नाही, तांब्याचं कळतं. तो हलका होत जातो आणि हात आपोआप आखडतो. टाकीची पातळी दाखवणाऱ्या चार दिव्यांपेक्षा मला हे मोजमाप जास्त भरवशाचं वाटतं.

सांडपाणी मात्र बरेचजण हिशेबात धरत नाहीत. ते इथे जमिनीवर ओतायला मनाई आहे, खालच्या टाकीत भरून परत आणावं लागतं. म्हणजे उधळलेलं पाणी गाडीतून उतरत नाही, वरच्या टाकीतून खालच्या टाकीत जातं, एवढंच.

रेसट्रॅकच्या भेगाळलेल्या चिखलावर धोंडे सरकल्याच्या लांबच लांब रेघा आहेत. हिवाळ्यात क्वचित इथे उथळ पाणी साचतं, रात्री गोठतं आणि वाऱ्याने ढकललेले बर्फाचे पातळ ताव धोंड्यांना पुढे रेटतात, हे 2014 साली शास्त्रज्ञांनी मांडलं. आई एका रेघेजवळ बराच वेळ उभी होती. "एवढ्याशा पाण्यात केवढं बळ," म्हणाली.

तिसऱ्या दिवशी युबेहेबेला डांबर लागलं, तेव्हा नवऱ्याने राखीव कॅन उघडला. आईने त्या पाण्याचा चहा ठेवला, दोन कप जास्तीचा.