विश्लेषण : हरताळाच्या घडणीची ऑप्टिकल फायबर कशासाठी?

पोथी लिहिताना चूक झाली, की त्यावर पिवळा हरताळ फासत. ‘नियमांना हरताळ’ त्यातलाच. हरताळ म्हणजे आर्सेनिक आणि गंधकाचे संयुग. त्याच रासायनिक घडणीच्या काचेचे तंतू ओढून आज ऑप्टिकल फायबर बनवली जाते.

साधी फायबर का चालत नाही?
घरी इंटरनेट आणणारी फायबर सिलिकाची असते. १.५५ मायक्रोमीटर तरंगलांबीचा प्रकाश तिच्यातून १५ किलोमीटर गेला तरी निम्मा उरतो. पण सुमारे अडीच मायक्रोमीटरच्या पुढे सिलिकॉन-ऑक्सिजन बंधांची कंपनेच प्रकाश गिळू लागतात. पंचाईत अशी, की मिथेनची ठळक खूण ३.३ मायक्रोमीटरला आणि कार्बन डायऑक्साइडची ४.२६ ला, म्हणजे नेमकी या मध्य-अवरक्त पट्ट्यात असते.

कॅल्कोजेनाइड काचेत वेगळे काय?
ऑक्सिजनच्या जागी गंधक, सेलेनियम किंवा टेल्युरियम. अणू जड, बंध कमकुवत. त्यामुळे कंपने संथ होतात आणि प्रकाश अडण्याची सीमा पुढे सरकते. सल्फाइड फायबर साधारण ६, सेलेनाइड ९ ते १० मायक्रोमीटरपर्यंत चालते, टेल्युराइड त्याहीपुढे.

मग अडते कुठे?
शुद्धतेपाशी. हायड्रोजनचा लवलेश राहिला तरी गंधक-हायड्रोजन बंध ४ मायक्रोमीटरजवळ प्रकाश शोषतो. म्हणून मूलद्रव्ये निर्वात, सीलबंद क्वार्ट्झ नळीत वितळवतात. एवढे करूनही चांगल्या सल्फाइड फायबरमध्ये मीटरमागे सुमारे ०.१ डेसिबल घट होते. म्हणजे ३० मीटरमध्ये निम्मा प्रकाश गायब! शिवाय काच ठिसूळ. त्यामुळे इंटरनेट केबलची जागा ती घेणार नाही. उपकरण लांब ठेवून फायबरचा तुकडा थेट रसायनाच्या भांड्यात सोडायचा आणि आत काय चालले आहे ते पाहायचे, अशा कामांना मात्र काही मीटर पुरतात.